हात आणि पाते : कडबा कुट्टी यंत्राचा इतिहास व त्यापासून घ्यायचा धडा



रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात कुट्टी यंत्राविषयी बोलणे झाले, पण वेळ थोडा असल्यामुळे त्याचा इतिहास सांगायचा राहून गेला. तो या पत्रिकेत देत आहे. तुम्ही म्हणाल, "साहेब, यंत्र कसं चालवायचं ते सांगा, इतिहास घेऊन काय करायचा?" प्रश्न रास्त आहे. पण या यंत्रावरचे प्रत्येक झाकण आणि प्रत्येक दांडा कुणाच्या तरी हाताची किंमत मोजून तेथे आलेला आहे. तो का आला हे एकदा कळले, म्हणजे माणूस तो काढून बाजूला ठेवत नाही.

माझ्या कामाच्या भागात एका वस्तीवर गेलो होतो. घरच्या आबांनी चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात मनगटापासून नव्हता. बोलता बोलता मी विचारले, "आबा, यंत्राच्या तोंडावर झाकण नव्हतं का?"

"होतं की. मोठी पेंढी बसत नव्हती, म्हणून पोरानं काढून ठेवलं. ते बघा, पत्र्याला टेकवलंय."

झाकण खरोखरच गोठ्याच्या पत्र्याला टेकवून ठेवलेले होते. त्यावर धूळ बसली होती. आबा पुढे म्हणाले, "चूक माझीच, साहेब. लक्ष नव्हतं माझं."

आबांचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. चूक खरेच त्यांची होती का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

पाते चाकावर चढले

पूर्वी वैरण हातानेच तोडीत. आपल्याकडे लाकडाच्या ओंडक्यावर कडब्याची पेंढी धरून कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने तुकडे करायचे. विलायतेत घोडे फार, त्यांना गवत आणि पेंढा बारीक करून घालायची चाल होती. तेथे लाकडी पन्हळीत पेंढा भरायचा, एका हाताने पुढे सरकवायचा आणि दुसऱ्या हाताने लांब पाते ओढून कापायचा. काम सावकाश चाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पाते माणसाच्या हातात होते. हात थांबला की पाते थांबे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत वक्र पाती मोठ्या चाकावर बसविण्याची युक्ती निघाली. चाक फिरवले की पाती आपोआप पन्हळीच्या तोंडासमोरून जात आणि पेंढा कापत. कामाचा वेग वाढला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला दातेरी रोलरची जोडी आली. हे रोलर पेंढा दाबून धरीत आणि ठराविक गतीने आत ओढीत, त्यामुळे तुकडे सारखे पडू लागले. आजचे आपले कुट्टी यंत्र बघा. वर-खाली दोन दातेरी रोलर, त्यांच्यापुढे चाक, चाकावर दोन किंवा तीन पाती. दीडशे वर्षांत मूळ रचना फारशी बदललेली नाही.

धोका पात्यात नाही, रोलरमध्ये आहे

पुष्कळ शेतकरी पात्याला भितात आणि रोलरकडे दुर्लक्ष करतात. खरे पाहता पाते हाताकडे येत नाही. हाताला पात्याकडे नेतो तो रोलर. पेंढी ओढण्यासाठी त्याला दात दिलेले आहेत, आणि कडबा कोणता व बोट कोणते हे त्याला ओळखता येत नाही.

थोडा हिशेब करू. समजा, चाकावर २ पाती आहेत आणि चाक मिनिटाला ३०० फेरे घेते. म्हणजे मिनिटाला ६०० काप, सेकंदाला १० काप. तुकडा २ सेंटिमीटरचा पडत असेल, तर वैरण सेकंदाला २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ८ इंच आत जाते. आता आपला पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. साधारण ७ इंच भरेल. म्हणजे बोटाचे टोक रोलरमध्ये सापडल्यापासून एका सेकंदाच्या आत सगळा पंजा आत जातो. धोका ध्यानात येऊन हात मागे घ्यायला माणसाला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, आणि तोपर्यंत दातांनी पकड घेतलेली असते. मागे ओढायला जागाच उरत नाही.

हा हिशेब ध्यानात ठेवला, तर "लक्ष ठेवा, सावध राहा" एवढ्या उपदेशाने हात का वाचत नाहीत ते कळेल. लक्ष असलेल्या माणसालाही वेळ पुरत नाही.

हाताने फिरवायच्या यंत्रात निदान फिरवणारा माणूस दुसरा असे. घास देणाऱ्याने ओरड केली तर तो थांबू शके. घोड्याच्या रहाटाने, वाफेने आणि पुढे तेलाच्या इंजिनाने यंत्र फिरू लागले, तेव्हा हीही सोय गेली. इंजिनाला ओरड ऐकू येत नाही.

विलायतेतले दोन कायदे

यंत्रशक्ती शेतात आली, तशी अपघातांची संख्या सरकारच्या नजरेत भरू लागली. ब्रिटनच्या पार्लमेंटने १८७८ साली मळणीयंत्रासाठी कायदा केला. मळणीयंत्राचा ड्रम आणि घास देण्याचे तोंड पक्के झाकलेले असले पाहिजे, असे त्यात सांगितले होते. त्यानंतर १८९७ साली खास कुट्टी यंत्रासाठी वेगळा कायदा झाला. वैरण कापण्याच्या एवढ्याशा यंत्रासाठी पार्लमेंटला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्न किती गंभीर होता ते दिसते.

त्या कायद्यात मुख्य गोष्टी दोनच होत्या. पहिली, घास देण्याचे तोंड असे बनवलेले असावे की घास देणाऱ्याचा हात किंवा दंड रोलरमधून पात्याकडे ओढला जाणार नाही. दुसरी, फिरते चाक व पाती चालू असताना पक्की झाकलेली असावीत.

शब्द नीट पाहा. मजुराने सावध राहावे, असे कायद्याने म्हटले नाही. यंत्राचे तोंड कसे असावे, ते सांगितले. म्हणजे माणसाचे लक्ष कधी तरी चुकणारच, हे धरून चालायचे आणि त्या वेळी हात वाचेल अशी रचना करायची. या कायद्याचे खरे मोल येथे आहे.

एक उणीव मात्र राहिली. हा कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कुट्टी यंत्रांपुरताच होता. हाताने फिरवायची यंत्रे त्यातून सुटली. या उणिवेची आठवण पुढे हरियाणाच्या गोष्टीत पुन्हा येईल.

बेळगावचा कारखाना

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) नोकरी सोडून बेळगावला आले. तेथे सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी छोटा कारखाना काढला. विसाव्या शतकाच्या आरंभी या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. म्हणजे आपल्या भागातल्या यंत्र-कारखानदारीचा पायाच कुट्टी यंत्राने आणि नांगराने घातला, असे म्हणायला हरकत नाही. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने सुरुवातीला शेतकरी लोखंडी नांगराला हात लावत नव्हते. पुढे १९१० साली औंधच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या काळची कुट्टी यंत्रे हाताने फिरवायची होती. ज्याच्याकडे जनावरे जास्त, अशा मोठ्या शेतकऱ्याकडेच ती असत. बाकीच्या गोठ्यात आख्खी पेंढी दावणीला टाकायची पद्धत पुढेही पुष्कळ वर्षे चालू राहिली. जनावर पाने खायचे आणि बुडखा पायाखाली तुडवायचे. १९७२ च्या दुष्काळात कडब्याच्या काडीकाडीला किंमत आली, तेव्हा वैरण वाया घालवणे परवडणारे नाही हे सगळ्यांच्या मनावर ठसले. पुढे संकरित गाई आल्या, दूध संस्था वाढल्या, वस्तीवर वीज पोचली, आणि २-३ अश्वशक्तीच्या मोटारीवर चालणारे कुट्टी यंत्र लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातही आले. यंत्र फायद्याचे आहे यात शंका नाही. कुट्टी केली की बुडखाही खाल्ला जातो, वैरण पुरते. प्रश्न फक्त हात राखून फायदा घेण्याचा आहे.

हरितक्रांती, मळणीयंत्र आणि १९८३ चा कायदा

ब्रिटनमध्ये जे एकोणिसाव्या शतकात घडले, ते आपल्या देशात हरितक्रांतीबरोबर घडले. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गव्हाचे पीक एकदम वाढले. मळणी पावसाच्या आत उरकायची, म्हणून मळणीयंत्रे गावोगाव तयार होऊ लागली. त्यांतला एक प्रकार तर कुट्टी यंत्राचेच मोठे भावंड होता. तेच रोलर, तेच चाक, तीच पाती, फक्त आकार मोठा. रात्रंदिवस काम, थकलेला मजूर, उघडे तोंड. हंगामात हात तुटलेली माणसे दवाखान्यात येऊ लागली.

भारतीय मानक संस्थेने, म्हणजे आपण ज्याला आयएसआय म्हणत होतो तिने, १९७९ साली मळणीयंत्राच्या सुरक्षिततेसाठी मानक ठरवले. घास देण्याची घसरण कमीत कमी ९० सेंटिमीटर लांब असावी आणि यंत्राकडील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, ही शिफारस आज सर्वत्र दिली जाते ती याच विचारातून. मागचे तत्त्व साधे आहे. माणसाचा हात पूर्ण लांबवला तरी ड्रमपर्यंत पोचू नये.

त्यानंतर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. धोकादायक यंत्र म्हणून त्यात पहिले नाव यांत्रिक मळणीयंत्राचे होते. यंत्र बनविणाऱ्याला व विकणाऱ्याला परवाना, यंत्राची रचना ठरलेल्या नियमाप्रमाणे, आणि यंत्रावर काम करताना मजूर जखमी झाला किंवा दगावला तर नुकसानभरपाई, अशा तरतुदी त्यात आल्या. १८७८ मध्ये ब्रिटनने जे केले त्याला आपल्याकडे १०५ वर्षांनी कायद्याचे रूप मिळाले. मधल्या काळात आपले मजूर आणि आपली मुले उघड्या तोंडाच्या यंत्रावर काम करीत होती.

खेळताना गेलेली बोटे

दिल्लीच्या आयआयटीतील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील खेड्यांत शेतीतल्या अपघातांची पाहणी केली. त्यांच्या कामाचे निष्कर्ष १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यांना जे दिसले ते आपण सगळ्यांनी विचार करण्यासारखे आहे. कुट्टी यंत्रावर जखमी होणाऱ्यांत लहान मुले होती, आणि त्यांतली पुष्कळशी यंत्र कामात नसताना, खेळता खेळता जखमी झाली होती. ही यंत्रे हाताने फिरवायची होती! एक पोर चाक फिरवते, दुसरे पोर पात्याजवळ किंवा दातेरी चाकांजवळ बोट घालते. १८९७ च्या कायद्यातून जे यंत्र सुटले होते, त्याच प्रकारच्या यंत्राने येथे मुलांची बोटे नेली.

या मंडळींनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी यंत्रात स्वस्तातले बदल सुचवले. पात्यांवर झाकण. काम संपल्यावर चाक फिरू नये म्हणून अडकवायची खीळ. आणि ओढणाऱ्या रोलरच्या अलीकडे आणखी एक सूचक रोलर, ज्याला हात लागताच माणसाला कळते की पुढे धोका आहे. हे तिन्ही बदल गावच्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानात करून घेता येतात.

कुंपण छाटण्याच्या यंत्राने शिकवलेली युक्ती

अलीकडे रोपवाटिकेत, फळबागेत आणि शाळा-संस्थांच्या आवारात मेंदीचे कुंपण छाटायला मोटारीचे किंवा पेट्रोलवर चालणारे यंत्र दिसते. लांब पट्टीवर करवतीसारखे दात आणि त्यांत मागे-पुढे सरकणारे पाते. येथे पाते झाकून चालत नाही, कारण पात्याने फांदीपर्यंत पोचायला हवे. मग उपाय काय केला? यंत्राला दोन मुठी दिल्या, आणि चांगल्या विजेच्या यंत्रात दोन्ही मुठींवर खटका ठेवला. दोन्ही हातांनी दोन्ही खटके दाबले तरच पाते चालते, एक हात सुटला की थांबते. दोन्ही हात मुठीवर गुंतलेले असले, तर ते पात्यावर जाणार कसे? शिवाय धारेच्या पुढे बोथट दात काढलेले असतात, म्हणजे अंग घासले तरी धार सहसा लागत नाही.

काही जण एका हाताने फांदी धरायला मोकळे व्हावे म्हणून एक खटका दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून टाकतात. हे आबांच्या गोठ्यातल्या झाकणासारखेच झाले. फांदी अडकली तर आधी यंत्र बंद करावे, विजेचे असेल तर पिन काढावी, पेट्रोलचे असेल तर स्पार्क प्लगची वायर काढावी, आणि मगच हात घालावा. विजेची वायर पात्याच्या बाजूला न ठेवता खांद्यावरून पाठीमागे सोडावी. शिडीवर उभे राहून हे यंत्र चालवू नये. डोळ्यांवर चष्मा असावा.

कुट्टी यंत्र असो की छाटणी यंत्र, इतिहासाने शिकवलेला नियम एकच आहे : एक तर पाते हातापासून झाका, नाही तर हात पात्यापासून दूर गुंतवून ठेवा.

आता आपण काय करावे

१. यंत्र घेताना आधी तोंड पाहा. हात खांद्यापर्यंत लांबवून बघा (यंत्र बंद ठेवून, वायर काढून). बोटे रोलरला लागत असतील तर पन्हळ आखूड आहे. ती पुढे वाढवून वरून झाकून घ्या.

२. रोलर थांबवायचा किंवा उलटा फिरवायचा दांडा आहे का आणि तो घास देणाऱ्याच्या हाताशी आहे का, हे बघा. आठवड्यातून एकदा चालवून पाहा. गंजलेला दांडा असून नसल्यासारखाच.

३. चाक, पट्टा व दातेरी चाके यांवर झाकण हवेच. साडीचा पदर, ओढणी, उपरण्याचा सोगा, मफलर, सैल बाही यांना पट्टा ओढतो. पदर कमरेला घट्ट खोचावा.

४. पेंढी संपत आली की शेवटची मूठ हाताने ढकलू नये. बहुतेक हात याच वेळी पात्याजवळ जातात. पुढच्या पेंढीने मागची ढकलावी, किंवा दोन हात लांबीची लाकडी काठी वापरावी. लोखंडी गज वापरू नये.

५. पाती धारदार ठेवा आणि खालच्या पट्टीशी अंतर कमीत कमी ठेवा. बोथट पात्यात ओली वैरण गुंडाळते, यंत्र अडते, आणि मग माणूस हात घालतो. धार लावणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

६. बटण बंद केले तरी जड चाक काही वेळ फिरत राहते. चाक पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.

७. वीज गेली की आधी बटण बंद करा. अडकलेली वैरण काढायला हात घातला आणि तेवढ्यात वीज आली, असे प्रसंग घडतात. विहिरीच्या पंपाच्या स्टार्टरला बसवतो तसा आपोआप चालू करणारा ऑटो स्विच कुट्टी यंत्राला कधीही बसवू नये. मोटारीला अर्थिंग असावे.

८. काम संपले की चाकाला खीळ घाला आणि वायर काढून ठेवा. हाताच्या यंत्रालाही खीळ हवी. मुलांना नुसते "जाऊ नको" म्हणून भागत नाही.

९. अंधारात, झोपेत, ताप असताना किंवा दारू पिऊन यंत्रावर बसू नये. धार काढायच्या घाईत संध्याकाळी कुट्टी करण्यापेक्षा दुपारच्या उजेडात करून ठेवावी. यंत्राजवळ दुसरे मोठे माणूस असावे, आणि बटण कोठे आहे ते त्याला माहीत असावे.

अपघात झालाच तर

आधी वीज बंद करा. अडकलेला हात ओढू नका. रोलर उलटे फिरवून किंवा वरचा रोलर सैल करून हात सोडवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. हळद, माती, चुना, तंबाखू काहीही लावू नका. बोट किंवा हात तुटला असेल तर तो भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पिशवीचे तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवून जखमी माणसाबरोबरच न्या. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये. १०८ क्रमांकाला फोन करा. वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचले तर तुटलेला भाग पुन्हा जोडला जाण्याची शक्यता असते.

शेवटी

आबांकडे मी पुन्हा गेलो, तेव्हा हा सगळा इतिहास त्यांना सांगितला. १८९७ च्या कायद्यातली ती दोन कलमे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तवापासून लोकांना ठाऊक होतं म्हणा की." मी म्हटले, "होय आबा, ठाऊक होतं. आपल्या गोठ्यापर्यंत पोचलं नव्हतं." त्यांच्या मुलाने पत्र्याला टेकवलेले झाकण आणले, धूळ झटकली आणि चार बोल्ट पिळून जागेवर बसवले. मोठी पेंढी बसत नव्हती, ती त्याने दोन भागांत सोडून घातली. काम थोडेसे वाढले, एवढेच.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी आज संध्याकाळी गोठ्यात गेल्यावर आपले यंत्र एकदा पाहावे. झाकण कोठे पडले असेल तर शोधून बसवावे, नसेल तर करून घ्यावे. काही अडचण असल्यास आपल्या भागातील कृषी कर्मचाऱ्यास अवश्य विचारावे.